रिस्क असेसमेंटमध्ये धोके सुटतात कुठे? फॅब्रिकेशन शॉपसाठी मदत हवी

फॅब_सुपरवायझर (प्रश्न)

मंडळी, शॉपचं रिस्क असेसमेंट नव्याने करायचं आहे. जुन्या रजिस्टरमध्ये प्रत्येक मशीनपुढे त्याच चार ओळी आहेत: विजेचा धक्का, घसरून पडणे, हाताला इजा, आवाज. आणि उपायाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "पीपीई (हातमोजे, गॉगल अशी अंगावरची साधनं) वापरणे, प्रशिक्षण देणे". ऑडिटरने यावरच बोट ठेवलं आहे.

शॉपमध्ये आहे ते असं: शिअरिंग मशीन, हायड्रॉलिक प्रेस ब्रेक, एक मेकॅनिकल पॉवर प्रेस (पुढे लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, लावलेला), मिग-टिगचे सहा बे, अँगल ग्राइंडर भरपूर, एक बेंच ग्राइंडर, टू-पॅक पेंटचा स्प्रे बूथ, स्क्रू कॉम्प्रेसर, ५ टनी क्रेन, बॅटरीवरची फोर्कलिफ्ट आणि तिचा चार्जर. अधूनमधून टाकीच्या आत उतरून वेल्डिंग असतं.

गुण कसे द्यायचे, मॅट्रिक्स कशी भरायची ते येतं. अडतं ते त्याच्या आधी. धोके शोधायची सुरुवात कुठून करायची, कोणाला काय विचारायचं, आणि पुरेसं झालं हे कशावरून ओळखायचं? नेटवरच्या तयार चेकलिस्ट बघितल्या, त्या भरल्या की पुन्हा त्याच चार ओळी उतरतात.

---

जोखीम_वही

मशीननिहाय यादी केली की असंच होणार. मशीनसमोर उभं राहिलं की ते नीट चालू असतानाचे धोके सुचतात. इजा मात्र बहुतेक वेळा सेटिंग करताना, अडकलेला तुकडा काढताना, डाय बदलताना नाहीतर साफसफाई करताना होते. म्हणून यादी कामांची करा.

प्रेस ब्रेकच घ्या. त्यात निदान सहा कामं आहेत: टूल चढवणं-उतरवणं, बॅकगेज लावणं, लहान पीस वाकवणं, मोठी शीट दोघांनी धरून वाकवणं, मागे पडलेले पीस काढणं, तेलाची गळती बघणं. लहान पीस धरताना बोटं डायजवळ जातात. मोठी शीट वाकताना वर उसळते, तोंडावर येते किंवा बीम आणि शीटमध्ये बोटं धरते. पहिल्याला लेझर गार्ड आणि पीस धरायला मॅग्नेट हवं, दुसऱ्याला शीट सपोर्ट आणि उभं राहायची ठरलेली जागा. "हाताला इजा" अशी एकच ओळ लिहिली की हे दोन्ही उपाय तिथेच हरवतात. मागे पडलेले पीस काढायला कोणी मशीनच्या मागच्या बाजूने आत जातो का, हे तर पुढून बघणाऱ्याला कधीच दिसत नाही.

मग प्रत्येक काम पायऱ्यांत मोडा. साधारण ७ ते १२ पायऱ्या पुरतात. चारच निघाल्या तर काहीतरी गिळलंय, वीस निघाल्या तर दोन कामं एकत्र झालीत. नमुना म्हणून अँगल ग्राइंडरची डिस्क बदलणं: प्लग काढणं, गार्ड फिरवणं, स्पॅनरने नट सोडवणं, जुनी डिस्क काढणं, नवी डिस्क निवडणं, तिचा आरपीएम आणि तारीख बघणं, फ्लँज पुसून बसवणं, नट आवळणं, गार्ड जागेवर आणणं, मोकळ्या दिशेला धरून निदान ३० सेकंद रिकामी फिरवणं. आता प्रत्येक पायरीला दोन प्रश्न विचारा: ही पायरी वगळली तर काय होईल? चुकीची केली तर काय होईल?

"नवी डिस्क निवडणं" या एका पायरीतून काय निघतं बघा. मोठ्या मशीनवर झिजलेली १८० मि.मी.ची डिस्क फेकवत नाही म्हणून गार्ड काढून छोट्या ग्राइंडरवर चढवतात. छोटा ग्राइंडर ११,००० आरपीएमने फिरतो. नव्या १८० च्या डिस्कची कड त्या वेगाला सेकंदाला सुमारे १०४ मीटरने जाईल आणि डिस्क बनवलेली असते ८० साठी. झिजल्यावर व्यास कमी होतो हे खरं, पण किती झिजली की चालेल याचा हिशोब कोणी करत नाही, आणि गार्ड तर गेलेलाच असतो. "डिस्क फुटणे" एवढंच लिहिलं असतं तर उपाय म्हणून गॉगल आला असता. कारण कळल्यावर उपाय येतो तो हा: झिजलेल्या मोठ्या डिस्क जागेवरच मोडून टाकायच्या आणि स्टोअरमधून डिस्क मशीनच्या मापावरूनच द्यायची.

पायऱ्या झाल्या की त्यावरून ऊर्जेची चाळणी फिरवा: उंची आणि वजन, फिरणारं-सरकणारं, वीज, हवा किंवा तेलाचा दाब, उष्णता, रसायन, किरण, आवाज आणि कंप, आणि शरीराला पडणारा ताण. या पायरीत यातलं काय आहे आणि ते सुटलं तर कोणापर्यंत पोचेल, एवढंच विचारायचं. मशीनसाठीच्या आयएसओ १२१०० या मानकाच्या परिशिष्टात धोक्यांची उदाहरणं अशीच स्रोतानुसार लावलेली आहेत.

आता माणसांना काय विचारायचं. "इथे काही धोका आहे का?" असं विचारलं की "नाही साहेब" हेच उत्तर येतं. त्याऐवजी असे प्रश्न टाका:
- मशीन दिवसात कितीदा अडतं आणि अडलं की कसं सोडवता?
- कोणतं गार्ड काढल्याशिवाय काम होत नाही?
- नवा माणूस आला तर त्याला कशापासून लांब ठेवता?
- घाई असली की कोणती पायरी गाळली जाते?
- हे काम रात्रपाळीत कोण करतं, आणि एकटाच करतो का?

हे ऑफिसात बोलावून विचारू नका. काम चालू असताना, मशीनपाशी विचारा आणि "दाखवा" म्हणा. हात जे दाखवतात ते तोंडून येत नाही. सफाई करणारे, कंत्राटी कामगार, माल उतरवायला आलेला ड्रायव्हर, यांनाही गाठा. शॉपचा सर्वांत विचित्र भाग बहुतेक वेळा त्यांच्या वाट्याला आलेला असतो.

माणसं बोलली नाहीत तरी जागा बोलते. रॅकच्या पायावर फोर्कलिफ्टचे ओरखडे, लिमिट स्विचला बांधलेली तार किंवा चिकटवलेलं मॅग्नेट, पंख्याच्या जाळीत खोचलेला पुठ्ठा, सळई वाकवून घरीच बनवलेला हुक, एकाच जागी झिजलेला पिवळा पट्टा, गार्डचे चारऐवजी दोनच बोल्ट. यातली प्रत्येक खूण म्हणजे कोणीतरी रोज वापरत असलेली आडवाट. फोटो काढा, पण लगेच कोणाला धारेवर धरू नका. धरलंत तर पुढच्या फेरीला सगळं लपवलेलं मिळेल. लगेच थांबवावं असं काही दिसलं तर अर्थातच थांबवा, पण माणसाला नव्हे, कामाला.

कागदांपैकी प्रथमोपचार पेटीची नोंदवही आधी वाचा. डोळ्यात कण, बोटाला चीर, भाजलं, अशा नोंदी कुठल्या बेमधून जास्त येतात ते बघा. त्यानंतर मेंटेनन्सचं ब्रेकडाउन रजिस्टर. जे मशीन जास्त अडतं, तिथे हात जास्त आत जातो.

आणि लिहायची पद्धत. एका ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: स्रोत, घटना, इजा. "ग्राइंडिंग – डोळ्याला इजा" असं नको. "बेंच ग्राइंडरच्या टूल रेस्ट आणि चाकामधली फट ३ मि.मी.पेक्षा जास्त झाल्याने पीस आत ओढला जाऊन चाक फुटणे, तुकडे ऑपरेटरच्या चेहऱ्याला आणि छातीला लागणे" असं लिहा. ओळ अशी लिहिली की तपासायचं काय तेही त्यातच आलं: रेस्टची फट ३ मि.मी., वरच्या टंग गार्डची ६ मि.मी.

एक पथ्य पाळा. धोका लिहिताना आहे तो उपाय नाही असं धरून लिहा. "गार्ड आहे, मग धोका कसला" म्हणून ओळच गाळली तर उद्या गार्ड निघाल्यावर ते कशासाठी होतं हे रजिस्टरला माहीत नसतं.

---

मेंटेनन्स_बेंच

वरचं सगळं बरोबर, पण मेंटेनन्सची कामं वेगळ्या पानावर घ्या. प्रॉडक्शनच्या पायऱ्यांत ती बसत नाहीत. आयएसओ ४५००१ या कामाच्या सुरक्षिततेच्या मानकातही नेहमीची आणि क्वचितची, दोन्ही प्रकारची कामं धरायला सांगितलंय. क्वचितची कामंच रजिस्टरमधून गळतात.

इथे शोधायची गोष्ट म्हणजे स्विच बंद केल्यावरही उरलेली ऊर्जा. तुमच्याकडची यादी मी अशी करीन:

प्रेस ब्रेकचा रॅम (वर-खाली होणारा दाबाचा भाग). मोटर बंद, पण रॅम तेलावर टांगलेला. होज सोडवली की खाली येतो. खाली ठोकळे किंवा प्रॉप लावल्याशिवाय टूलखाली हात नाही. हायड्रॉलिक लाइनमधलं पिनहोल ही दुसरी गोष्ट. गळती शोधायला हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. दाबाखालचं तेल कातडीतून आत घुसतं, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि माणूस काम चालू ठेवतो. ती तातडीच्या शस्त्रक्रियेची केस असते. रजिस्टरमध्ये हे मुद्दाम लिहा, नाहीतर प्रथमोपचारात पट्टी बांधून पाठवतील.

हवेचे सिलिंडर. मेन व्हॉल्व्ह बंद करून हवा सोडली तरी व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मधल्या नळीत हवा अडकून राहू शकते. पायलट चेक व्हॉल्व्ह (हवा परत जाऊ न देणारा) असेल तर हमखास. अडकलेला पीस काढला की सिलिंडर झटका मारतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह). सप्लाय तोडल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असतात. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं. तेवढं थांबून डीसी बस मीटरने मोजायची.

पॉवर प्रेसचं फ्लायव्हील. बटण दाबल्यावरही बराच वेळ फिरत राहतं.

कॉम्प्रेसरचा ऑटो रीस्टार्ट. "बंद आहे" असं वाटतं, पण दाब उतरला की आपोआप सुरू होतो. बेल्टगार्ड काढून ठेवलेला असेल तर बोटं गेली.

प्रत्येक मशीनला एक पान करा: ऊर्जेचा स्रोत कुठे, तोडायचा कुठे, उरलेली सोडायची कशी, आणि सुटली हे तपासायचं कसं. चौथा रकाना बहुतेकांच्या कुलूप-टॅगच्या (दुरुस्तीवेळी स्विचला कुलूप आणि पाटी लावायच्या पद्धतीच्या) कागदात नसतो. कुलूप लावलं आणि स्टार्ट बटण दाबून बघितलंच नाही, तर चुकीच्या मशीनचा ब्रेकर पाडलेला असू शकतो.

लाइट कर्टनबद्दल. तो आहे म्हणजे धोका मिटला असं धरू नका, अंतर मोजा. माणसाचा हात सेकंदाला १.६ ते २ मीटर वेगाने जातो असं धरतात. कर्टनचा किरण अडल्यापासून रॅम थांबेपर्यंत ०.३ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ४८० ते ६०० मि.मी. आत गेलेला असतो, त्यावर कर्टनच्या रिझोल्यूशनचं वाढीव अंतर वेगळं. म्हणजे डायपासून ३०० मि.मी.वर लावलेला कर्टन शोभेचा. ब्रेक लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, म्हणून हे दरवर्षी मोजायचं. आणि क्लच कोणता आहे तेही बघा. रोलिंग कीचा (एकदा लागला की पूर्ण फेरा होईपर्यंत न सुटणारा) असेल तर कर्टनचा काहीच उपयोग नाही.

---

फॅब_सुपरवायझर

खूप उपयोगी. कामांची यादी करायला घेतली, नुसत्या ग्राइंडरचीच पाच कामं निघाली. दोन गोष्टी अजून विचारतो. धूर, आवाज, पेंट यांचे धोके नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखायचे? मोजायचं कुठलंही यंत्र आमच्याकडे नाही. आणि टाकीतल्या वेल्डिंगसाठी नेमकं काय काय लिहायचं? क्लचचं बघून सांगतो.

---

हवा_आवाज_धूळ

मोजमाप नंतरचं. धोका आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही.

आवाज: दोन मीटरवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर पातळी ८५ डेसिबलच्या आसपास आहे असं समजा. एक मीटरवर ओरडावं लागलं तर ९० च्या. फोनवरचं ॲप निकालासाठी चालणार नाही, पण कुठला बे जास्त वाईट हे सांगायला पुरतं. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ ला ८ तास धरले तर ८८ ला ४, ९१ ला २, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. मोठ्या प्लेटवर चाललेलं ग्राइंडिंग १०० ला सहज पोचतं. म्हणून "ग्राइंडर दिवसात थोडाच वेळ चालतो" हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका, मिनिटं मोजा. शेजारच्या बेमधला फिटर ग्राइंडर हातात न घेताही तोच डोस घेतो, त्याचं नाव त्या ओळीत आलं पाहिजे.

कंप: ग्राइंडरच्या माहितीपुस्तिकेत कंपाचा आकडा मीटर प्रति सेकंद वर्ग असा दिलेला असतो. युरोपीय नियमात ८ तासांच्या सरासरीला २.५ वर उपाय सुरू करायचे आणि ५ ही मर्यादा. यंत्राचा आकडा ५ असेल तर २.५ ची पातळी दोन तासांतच गाठली जाते. विचारायचा प्रश्न एकच: थंडीत किंवा काम संपल्यावर बोटं पांढरी पडतात का, मुंग्या येतात का?

धूर: इथे सेफ्टी डेटा शीट (रसायनासोबत येणारा धोक्यांच्या माहितीचा कागद) पुरत नाही. सोळा विभागांच्या त्या कागदातले २, ७, ८ आणि १० हे विभाग वाचायचेच, पण तो कागद डब्यातल्या मालाचा. वेल्डिंगचा धूर कुठल्या डब्यात येत नाही, तो कामात तयार होतो, म्हणून रसायनांच्या यादीतून सुटतो. आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गट १ मध्ये टाकला, आणि तो सगळ्या प्रकारच्या वेल्डिंगचा. तुमच्या शॉपमध्ये हे वेगवेगळं लिहा:

स्टेनलेस स्टील: धुरात सहा संयुजी क्रोमियम आणि निकेल.

गॅल्व्हनाइज्ड शीट: झिंकचा धूर. ताप, थंडी, तोंडात धातूची चव. हे काम झाल्यावर काही तासांनी, म्हणजे घरी गेल्यावर होतं आणि दिवस-दोन दिवसांत उतरतं. म्हणून शॉपच्या कुठल्याच नोंदवहीत सापडत नाही. हजेरीच्या वहीत शोधा: गॅल्व्हनाइज्डचा लॉट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी कोण गैरहजर?

डिग्रीझर: क्लोरीन असलेल्या सॉल्व्हंटने पुसलेला जॉब ओला असताना, किंवा त्याचं टब जवळ असताना, आर्क मारला तर वाफेपासून फॉस्जीन तयार होतो. विषारी वायू, लक्षणं तासांनी. ब्रेक क्लिनरच्या कॅनवर घटक वाचा. नावात "क्लोरो" आलं की तो कॅन वेल्डिंग बेच्या बाहेर. हा धोका दोन कामांच्या मधल्या फटीत राहतो. डिग्रीझिंगचं पान एकाकडे, वेल्डिंगचं दुसऱ्याकडे, आणि दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबरच. म्हणून सगळी पानं झाली की एकदा शॉपच्या नकाशावर मांडा आणि कोणाचं काय कोणापर्यंत पोचतं ते बघा. आर्कचा उजेड, ग्राइंडिंगच्या ठिणग्या, पेंटची वाफ, चार्जिंगचा हायड्रोजन, सगळं भिंती आणि खांब ओलांडून जातं. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो आणि तो वर छताला साठतो, म्हणजे चार्जरच्या वर बंद कप्पा किंवा पोटमाळा आहे का बघा. ठिणग्यांसाठी ११ मीटरच्या वर्तुळात जळणारं काही नसावं असं धरतात, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास, नव्या अमेरिकी मानकात एक तास, माणूस लक्ष ठेवायला.

टू-पॅक पेंट: हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येईपर्यंत पातळी मर्यादेच्या वर गेलेली असते, त्यामुळे "वास नाही, म्हणजे बरं आहे" हे इथे चालत नाही. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की अगदी थोड्या मात्रेनेही दमा उठतो. फवारणीच्या वेळी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आणि बूथमधली हवा साफ व्हायला किती मिनिटं लागतात हे आत धूर भरून मोजा. फवारणी थांबली की लोक लगेच मास्क वर करून पेंट बघायला वाकतात. ती पायरी तुमच्या यादीत आहे का?

शरीराचा ताण तुम्ही विचारला नाही, पण तो यादीत हवाच. उत्तम परिस्थितीत, शरीराला चिकटून, २३ किलो ही एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्राची सुरुवातीची मर्यादा आहे. वजन शरीरापासून २५ ऐवजी ५० सें.मी. लांब धरलं की ती निम्मी, ११.५ किलो. त्यामुळे किलो लिहिताना अंतरही लिहा. नुसतं "जड वजन उचलणे" म्हणजे काहीच नाही.

आता टाकी. निदान या ओळी वेगवेगळ्या:

ऑक्सिजन कमी होणं. आर्गॉन हवेच्या सुमारे १.४ पट जड, खाली बसतो. कार्बन डायऑक्साइड १.५ पट. टॉर्च आत ठेवून जेवायला गेले आणि गॅसचा व्हॉल्व्ह झिरपत राहिला तर परत उतरणारा पहिला माणूस पडतो. त्याला काढायला धावलेला दुसरा माणूसही पडतो, आणि ही दुसरी ओळ रजिस्टरमध्ये स्वतंत्र हवी. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली असेल तर आत उतरायचं नाही.

ऑक्सिजन वाढणं. कटिंग टॉर्चची होज गळली, किंवा "हवा मारायची" म्हणून कोणी ऑक्सिजन सोडला, तर २३.५ टक्क्यांच्या वर कपडे भडकन पेटतात.

जळणारी वाफ. टाकीत आधी काय होतं, आतून काय लावलंय. तपासायचा क्रम आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. क्रमाला कारण आहे: नेहमीचा ज्वलनशील सेन्सर ऑक्सिजन असेल तरच नीट वाचतो, नाहीतर आकडा खोटा कमी दाखवतो. मोजायचं वर, मध्ये आणि तळाशी.

विजेचा धक्का. घामाने भिजलेला माणूस चारही बाजूंनी लोखंडात बसलेला. वेल्डिंग मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क नसतानाचं) ८० पर्यंत असू शकतं. बाहेर जे झटक्यावर निभावतं ते आत जीव घेऊ शकतं.

बाहेर काढणं. मॅनहोलमधून बेशुद्ध माणूस दोरीने वर येतो का, हे डमी किंवा भरलेलं पोतं वापरून आधीच करून बघा.

---

रिगिंग_पॉइंट

क्रेनच्या ओळीत बहुधा "लोड पडणे" एवढंच असतं. त्याचे निदान तीन तुकडे करा.

स्लिंगचा कोन: एक टनाचा जॉब दोन पायांच्या स्लिंगने उचलला आणि पाय आडव्या रेषेपासून ६० अंशांवर असले तर प्रत्येक पायावर सुमारे ५८० किलो. ३० अंशांवर आले तर प्रत्येकावर पूर्ण एक टन. लांब स्लिंग सापडली नाही म्हणून आखूड लावली की नेमकं हेच होतं. म्हणून धोका "स्लिंग तुटणे" इथे न थांबवता "योग्य लांबीची स्लिंग हाताशी नसणे" इथपर्यंत न्या.

प्लेटची धार: कापडी स्लिंगला कोपऱ्यावर पॅड नसेल तर वजन कितीही कमी असू दे, कापली जाते.

तिरका ओढा: हुक लोडच्या बरोबर वर नसेल तर उचलताक्षणी जॉब झोकांडी घेतो. माणूस जॉब आणि खांबाच्या मध्ये उभा असतो तो याच क्षणी.

फोर्कलिफ्टला मागचं चाक वळतं, म्हणून वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो. पायी चालणाऱ्यांची वाट आखताना हे धरा. नुसता पिवळा पट्टा मारला म्हणून फोर्कलिफ्ट त्याच्या अलीकडे थांबत नाही.

---

ऑडिट_फाइल

थोडा विरोधी सूर लावतो. चेकलिस्टला इतकं मोडीत काढू नका. ती सुरुवातीला हातात घेतली की डोळे तिच्याच ओळी शोधतात, हे मान्य. पण कामांची पानं पूर्ण झाल्यावर, शेवटी, ती चाळणी म्हणून वापरा. आग, बाहेर पडायची वाट, उजेड, उष्मा, एकट्याने काम, हिंसा किंवा दमदाटी, पिण्याच्या पाण्याची टाकी, या गोष्टी कुठल्याच मशीनच्या नसतात, म्हणून कामांच्या यादीतून निसटतात. तिथे चेकलिस्ट कामाला येते.

दुसरं म्हणजे धोके शोधायची बैठक आणि गुण द्यायची बैठक एकाच दिवशी ठेवू नका. गुण समोर असले की लोक ओळी हव्या तशा वाकवतात. "हे लिहिलं तर लाल येईल" म्हणून ओळच मवाळ होते.

तिसरं, पुरेसं झालं कधी? मी असं तपासतो: प्रथमोपचार वहीतल्या मागच्या वर्षभराच्या नोंदी घ्या आणि प्रत्येकीसाठी रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेली ओळ शोधा. मग तीच पानं ज्याने ती बनवली नाहीत अशा पाळीच्या दोघांना द्या आणि नवीन काही सापडतं का विचारा. सापडत राहिलं तर झालेलं नाही. ओळींचा आकडा बघू नका. दोनशे ओळींचं रजिस्टर नुसतं कॉपी-पेस्ट असू शकतं.

---

जोखीम_वही

चेकलिस्ट शेवटी, हे पटलं. वहीच्या चाचणीत एक भर घालतो. वहीत फक्त झालेल्या इजा असतात. टाकीतला वायू किंवा क्रेनचा लोड असली गोष्ट क्वचित घडते, पण घडली तर माणूस जातो. तिची नोंद वहीत असायची वाट बघायची नसते. त्या कामांपुढे वेगळी खूण करा आणि तिथे ऊर्जेची चाळणी दोनदा लावा.

---

फॅब_सुपरवायझर

ठीक, क्रम लक्षात आला: कामं, पायऱ्या, ऊर्जा, नकाशा, शेवटी चेकलिस्ट. प्रेसच्या क्लचचं अजून अडलंय. नेमप्लेट पुसली गेली आहे. रोलिंग की की फ्रिक्शन, हे न खोलता ओळखता येतं का?

---

मेंटेनन्स_बेंच

येतं. फ्लायव्हीलच्या शाफ्टच्या टोकाला रोटरी युनियन आणि त्यात हवेची नळी जात असेल, आणि फ्रेमवर ड्युअल सोलेनॉइड व्हॉल्व्ह असेल, तर हवेवरचा फ्रिक्शन क्लच. तो स्ट्रोक मध्येच सोडू शकतो. हवेची नळी नाही, पेडल किंवा छोटा सिलिंडर फक्त एक खिट्टी ओढतो, आणि क्लच लागताना "खट्" असा ठोका येतो, तर की क्लच. तो एकदा लागला की पूर्ण फेरा होईपर्यंत सुटत नाही, कर्टनचा किरण अडो नाहीतर इमर्जन्सी स्टॉप दाबो. जुन्या मशीनमध्ये की किंवा स्प्रिंग तुटून रॅम न सांगता दुसऱ्यांदा खाली येतो, तीही ओळ लिहा.

की क्लच निघाला तर पक्कं बंद गार्ड लागेल, शीट आत जायला फट ठेवून. फटीची उंची आणि डायपर्यंतचं अंतर यांचा मेळ आयएसओ १३८५७ मध्ये दिलेला आहे: आडव्या फटीला ६ मि.मी.पर्यंत निदान १० मि.मी. अंतर, ८ पर्यंत २०, १० पर्यंत ८०, १२ पर्यंत १००, २० पर्यंत १२०. वीसच्या वर गेलात की अंतर एकदम ८५० होतं, कारण मग अख्खा हात आत जातो. फट मोजताना शीट आत नसताना मोजा, आणि गार्ड स्पॅनरशिवाय निघणार नाही असं बसवा. विंग नट लावलेत तर आठवड्यात ते गार्ड मशीनच्या मागे भिंतीला टेकवलेलं दिसेल.